गू कुणाचा, हात कुणाचे



विषय गुवाचा आहे. ज्यांना नाकाला रुमाल लावायचा त्यांनी आत्ताच लावून घ्या. चांदण्यावर आणि मोगऱ्यावर लिहिणारी मासिकं या शहरात ढिगानं निघाली आणि मेली, वाटलं तर तिकडे जा. आपल्या वाट्याला जे आलं त्यावर आपण लिहिणार.

सकाळी सहा-साडेसहाला दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती एक चक्कर मारून बघा. लॅब्राडॉर, पग, पॉमेरियन, आणि मुंबईच्या घामट हवेत जीभ लोंबवत चाललेला एखादा बर्फातला हस्की. प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक साहेब नाहीतर बाईसाहेब, नाहीतर महिन्याच्या पगारावर कुत्रं फिरवणारा आपलाच एखादा पोरगा. कुत्रं थांबतं. जागेवर गोल फिरतं. बसतं. नेमक्या त्या क्षणी साहेबांना अरबी समुद्र बघायची ओढ लागते, मान पश्चिमेला वळते. काम उरकलं की पट्ट्याला हिसका आणि दोघंही पुढे. सगळेच असे नाहीत हे कबूल. काही जण पिशवी आणतात, वाकतात, उचलतात. त्या पिशवीचंही पुढे काय होतं ते सांगतो.

याच मैदानावर दर 6 डिसेंबरला आपली माणसं येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून, चटणी-भाकरीचं गाठोडं घेऊन. रात्री मांडवात, मांडव पुरला नाही तर उघड्या मातीवर झोपतात, तान्ह्या लेकरांसकट. आणि वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत पत्रं येत आलीत की या गर्दीनं परिसर अस्वच्छ होतो. दोन-तीन दिवसांच्या माणसांची घाण यांना दिसते. उरलेले तीनशे साठ दिवस त्याच मातीत कुत्र्यांनी काय कालवून ठेवलंय ते यांना दिसत नाही. आपल्या आया लेकरांना झोपवतात ती माती मुळात कुणी नासवली, असं पत्र मी तरी अजून वाचलेलं नाही.

आता मावशीकडे येतो. माझी सख्खी मावशी. तुमच्या सोसायटीतली 'ए मावशी' नव्हे, आईची धाकटी बहीण. मुंबईच्या एका वॉर्डात कंत्राटावर झाडू मारते. कुत्र्याची घाण उचलायला तिच्याकडे काय हत्यार? पुठ्ठ्याचे दोन तुकडे. एकानं ढकलायचं, दुसऱ्यावर घ्यायचं. हातमोजे मिळाले होते वर्षापूर्वी, त्यातला उजवा बोटांवर फाटला तो फाटलाच. गेल्या पावसाळ्यात एका ढिगात काच होती. ओला पुठ्ठा दुमडला, काच मधल्या बोटात घुसली. मावशीनं नळाखाली हात धरला, घरी येऊन हळद दाबली, चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी कामावर. खाडा झाला की दिवस कापतात.

तिसऱ्या दिवशी हात सुजला. गल्लीतल्या डॉक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. मावशीनं तीन दिवसांच्या घेतल्या, ठणका कमी झाला, उरलेल्या डब्यात ठेवल्या. पुन्हा कुणाला लागतील म्हणून. आपल्या घराघरात असा एक डबा आहे, हसू नका. आठवड्यानं हात परत फुगला, आता पू. मग मेडिकलवाल्यानं स्वतःच्या मनानं दुसऱ्या, 'स्ट्राँग' गोळ्या दिल्या. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. शेवटी ताप चढला तेव्हा सरकारी दवाखान्यात नेलं. पुवाचा नमुना तपासायला गेला. दोन-तीन दिवसांनी कागद आला.

तो कागद माझ्याकडे आहे. डाव्या बाजूला औषधांची नावं ओळीनं, उजव्या बाजूला एकेक इंग्रजी अक्षर. 'एस' म्हणजे या औषधानं जंतू मरतो. 'आर' म्हणजे मरत नाही. मावशीच्या कागदावर आर, आर, आर, आर, असा खालपर्यंत. शेवटी दोन-तीन एस. जंतूचं नाव ई. कोलाय. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो तोच, पण हा बिलंदर निघाला. एका तरण्या डॉक्टरनं समजावून सांगितलं, की नेहमीच्या औषधांचे तुकडे करणारं रसायन हा जंतू स्वतः तयार करतो, त्याला इएसबीएल म्हणतात. मग मेरोपेनेमची इंजेक्शनं, दर आठ तासांनी एक, दहा दिवस. हात वाचला. मधलं बोट दोन पेरं कापावं लागलं.

मी त्या डॉक्टरला विचारलं, हे आलं कुठून? कुत्र्याच्या घाणीतून? तो खरं बोलला, म्हणून मला आवडला. म्हणाला, सांगता येत नाही. त्या ढिगातून असेल, गटारातून असेल, दवाखान्यातून असेल, तिच्या स्वतःच्या पोटातलाही असेल. मीही तुम्हाला तेच सांगतो. मावशीचं बोट कुत्र्यानं नेलं असं मी म्हणत नाही. पण त्या दिवसापासून मी या गोष्टीच्या मागे लागलो, आणि जे समजलं ते आपल्या पोरांना माहीत असलं पाहिजे.

अँटिबायोटिक हे चाळणीसारखं काम करतं. जे जंतू मऊ ते मरतात, जे चिवट ते उरतात. डोस अर्धा सोडला, कमी घेतला, नको तिथं घेतला, की मऊ तेवढे मरतात आणि चिवटांना रान मोकळं. पेनिसिलिन 1928 साली ज्याच्या हाताला लागलं त्या फ्लेमिंगनं 1945 मध्ये नोबेल घेताना हाच इशारा देऊन ठेवला होता. वर या जंतूंचं आणखी एक आहे. त्यांच्या पोटात प्लास्मिड नावाचं जनुकांचं छोटं कडं असतं. औषधाला तोंड कसं द्यायचं ही विद्या त्या कड्यात लिहिलेली, आणि हे कडं एक जंतू शेजारच्याला देऊन टाकतो. जात बघत नाही, गोत्र बघत नाही. ई. कोलायचं कडं दुसऱ्याच जातीच्या क्लेब्सिएलाला जातं. ज्ञान आपल्यापुरतं कोंडून ठेवण्याची अक्कल जंतूंना मनू वाचून आलेली नाही, म्हणून ते जिंकतायत. 2019 या एका वर्षात, औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगभरात थेट मेलेल्या माणसांचा अंदाज आहे 12 लाख 70 हजार.

आता कुत्रं यात कुठं आलं? साहेबांच्या कुत्र्याला खाज सुटली, जुलाब झाले, कान वाहिला, की जनावरांचा डॉक्टर जी औषधं देतो ती आपल्याचसारखी. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह, सेफॅलेक्सिन, मेट्रोनिडॅझोल. एन्रोफ्लॉक्सासिन नावाचं एक जनावरांचं म्हणून देतात, ते कुत्र्याच्या शरीरात गेलं की त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो. म्हणजे तुम्ही-आम्ही जुलाबाला घेतो तेच सिप्रो. चाळणी तीच, जंतू तेच, आतडं फक्त कुत्र्याचं. वेगवेगळ्या देशांत, आपल्याकडेही, धडधाकट कुत्र्यांची विष्ठा तपासली तेव्हा त्यात हे इएसबीएलवाले जंतू सापडलेत. बागांमधून, रस्त्यांवरून गोळा केलेल्या विष्ठेतही सापडलेत. माणसाकडून कुत्र्याला जातात आणि कुत्र्याकडून माणसाला येतात, दोन्ही. ती घाण वाळते, पावसात विरघळते, गटारात जाते, चपलेला लागून घरात येते. वरून आता नवीन खूळ निघालंय, कुत्र्याला कच्चं मांस खाऊ घालायचं, का तर तो मूळचा लांडगा. इंग्लंडात ब्रिस्टलच्या संशोधकांना दिसलं की कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेत असे जंतू जास्त असतात. कोंबडीला पोल्ट्रीत अँटिबायोटिक चारायचं, ती कोंबडी कच्ची लांडग्याला चारायची, आणि लांडगा तिचा हिशेब फुटपाथवर मांडणार. कोलिस्टिनसारखं शेवटच्या घटकेचं औषधसुद्धा आपल्या देशात कोंबड्यांना चारत होते. जुलै 2019 मध्ये बंदी आली.

अमेरिकेतली एक केस ऐका. 2016 ते 2018 मध्ये तिथल्या 18 राज्यांत 118 माणसांना कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूनं जुलाब लागले. औषधांना दाद न देणारा जंतू. माग काढत गेले तर तो निघाला पेट-शॉपमधल्या कुत्र्याच्या पिल्लांपाशी. 149 पिल्लांचे कागद तपासले तर 142 पिल्लांना अँटिबायोटिक दिलेलं. निम्म्याहून जास्त पिल्लांना तर काही आजार नसताना, आजारी पडू नयेत म्हणून, माल खराब होऊ नये म्हणून दिलेलं. आणि त्या 118 आजाऱ्यांत 29 जण कोण? पेट-शॉपमध्ये पिंजरे धुणारे, पिल्लं हाताळणारे नोकर. पिल्लू विकलं दुकानदारानं, खेळवलं गिऱ्हाइकानं, आणि चौथा हिस्सा आजार गेला पगारी हातांना. अमेरिका असो की वरळी.

मी काही डॉक्टर नाही, पण एक गोष्ट चोख सांगतो. या सगळ्या जंतूंच्या माजाला कुत्रं जबाबदार आहे असं कुणी म्हणालं तर तो शुद्ध खोटारडेपणा. मोठा वाटा माणसांच्या औषधांचा, इस्पितळांचा, पोल्ट्रीचा, औषध कारखान्यांच्या सांडपाण्याचा. कुत्र्याचा वाटा त्यात लहान. पण तो लहान वाटा रोज सकाळी न चुकता एका ठराविक हाताच्या पुढ्यात येऊन पडतो, आणि तो हात कुठल्या आळीतून येतो हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

मावशी बरी होऊन पहिल्या दिवशी कामावर गेली तेव्हा मी बरोबर होतो. त्याच कोपऱ्यावर त्याच बिल्डिंगमधला कुत्रा आला, तिला ओळखून शेपटी हलवायला लागला. तिनं डाव्या हातानं त्याचा कान खाजवला. मी तणतणलो तर म्हणाली, "अरे, ह्याचा काय दोस? ह्याला देवानं हात दिलेत का उचलायला?"

म्हणून भटक्या कुत्र्यांच्या नावानं कुणी माझा लेख वापरू नका. आपल्या झोपडपट्टीतली कुत्री आपल्याबरोबर उपाशी राहिलेली आहेत. त्यांना कुणी अँटिबायोटिकचे कोर्स दिलेले नाहीत. त्यांच्या पोटात जे येतं ते आपल्याच उकिरड्यातून, गटारातून, इस्पितळामागच्या कचऱ्यातून. 11 ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टानं दिल्लीतली भटकी कुत्री उचलून कोंडा म्हणून सांगितलं तेव्हा केवढे लोक रस्त्यावर उतरले! 22 ऑगस्टला कोर्टानं हुकूम बदललासुद्धा. अकरा दिवस. मी तो काळ टीव्ही बघून काढला. एक पार्टी म्हणे कुत्री वाचवा, दुसरी म्हणे माणसं वाचवा. कुत्र्यांमागून झाडू घेऊन चालणारी बाई दोघांपैकी एकाच्याही चित्रात नव्हती. मुंबईतल्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा, हे सुप्रीम कोर्टाकडून वदवून घ्यायला मात्र 2017 साल उजाडावं लागलं, युनियननं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यानंतर. मेणबत्त्या कुणी लावल्या नाहीत.

बाबासाहेबांनी 1936 साली लिहून ठेवलंय की पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्यानं कमरेला झाडू बांधायचा, आपली पावलं आपणच पुसत जायचं, आणि थुंकायला गळ्यात मडकं अडकवायचं. थुंकी जमिनीवर पडली तर रस्ता बाटणार! विचार करा. ज्या देशात माणसाची थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून त्याच्या गळ्यात मडकं होतं, त्याच देशात कुत्र्याचा गू रस्त्यावर पडला तर मालकाच्या हातात साधी पिशवी नाही. महाडला चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, कुत्री पीत होती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि तळं बाटलं. मग शुद्ध कशानं केलं? शेण, गोमूत्र, दूध, दही एकशे आठ घागरींतून ओतून. म्हणजे विष्ठेतसुद्धा यांची चातुर्वर्ण्यव्यवस्था आहे. गाईची पवित्र, साहेबाच्या कुत्र्याची दुर्लक्षनीय, आणि आपला नुसता हात विटाळ. त्यांच्या शुद्धीचा जंतूंशी काडीचाही संबंध कधी नव्हता. स्वच्छता हा शब्द त्यांनी माणसं लांब ठेवायला वापरला. जंतू लांब ठेवायला वापरला असता तर आज मावशीच्या हातात धड मोजा असता.

आता त्या पिशवीवाल्यांकडे. जे वाकतात, उचलतात, त्यांचं कौतुक आहेच. पण ती काळी पिशवी गाठ मारून जाते कुठं? सोसायटीच्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात, दुधाच्या पिशव्या आणि पुठ्ठ्यांच्या मधोमध. मग कचरावेचक बाई येते, भंगार निवडायला बसते, आणि पिशवीत काय आहे ते हातानंच उघडून बघते. उचलणाऱ्याचा हात साफ राहिला, एवढंच झालं. पुण्यात आपल्या कचरावेचक बायांनी, 1993 पासून संघटना बांधलेल्या बायांनी, सॅनिटरी पॅडच्या बाबतीत हे भोगलं आणि लाल ठिपक्याची मोहीम काढली. कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडावं लागणार नाही. किती साधी गोष्ट! ती सुचली बायांना, पॅड विकणाऱ्या कंपन्यांना नाही. कुत्र्याच्या पिशवीवरही तसाच ठिपका काढायला कुठला पंचांगातला मुहूर्त लागतो?

2010 साली एनडीएम-1 नावाच्या एका जनुकाचा बोभाटा झाला. मेरोपेनेमच्या जातीचं औषधसुद्धा फोडणारं जनुक. नावात नवी दिल्ली आहे म्हणून आपल्याकडे देशाचा अपमान झाला, परकीयांचा कट वगैरे ओरड झाली. पुढच्या वर्षी शास्त्रज्ञांनी दिल्लीतल्या पाण्याची तपासणी छापली. नळाच्या पाण्याच्या 50 नमुन्यांत 2 ठिकाणी ते जनुक, आणि गल्ल्यांत, रस्त्यांवर साचलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांत 51 ठिकाणी. नावावरून भांडणाऱ्यांनी ही दुसरी ओळ वाचली होती का? नळाच्या पाण्याला साहेब उकळून पितील, फिल्टर लावतील. साचलेल्या पाण्यात घोट्यापर्यंत कोण उभं असतं? तेव्हा देशाची इज्जत कुणालाच आठवली नाही.

कायदे नाहीत असं नाही. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 लागू आहे. बड्या अँटिबायोटिकची चिठ्ठी घ्यायची, वहीत नोंद ठेवायची, वही तीन वर्षं जपायची. मावशीच्या मेडिकलवाल्याकडची वही मी मागितली, तो हसला. 2016 च्या घनकचरा नियमांत कामगाराला हातमोजे, बूट, मास्क, रेनकोट द्या असं लिहिलं होतं. मावशीचा फाटका मोजा त्यानंतरचाच आहे. मुंबईत कुत्रं पाळायला महापालिकेचं लायसन्स लागतं, कुत्र्याचं नाव, मालकाचं नाव, सगळी नोंद. त्या कुत्र्याला कुठलं अँटिबायोटिक किती दिवस दिलं याची नोंद कुठं मागतात? आणि गटारात उतरून मेलेल्यांसाठी सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये 10 लाख आणि 2023 मध्ये 30 लाख भरपाई ठरवली ती ठीक. मरायला लागतं त्यासाठी. मावशीच्या दोन पेरांना कुणी भाव दिला नाही. मावशीच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जात होते, कार्ड मात्र ठेकेदारानं कधी दिलं नाही. दहा दिवसांचे खाडे लागले ते वेगळेच.

आपल्यातलेच काही म्हणतील, कायम झाली की प्रश्न सुटेल. थोडा सुटेल, पगार वाढेल, रजा मिळेल. पण लाड-पागे समितीच्या शिफारशींनी कायम सफाई कामगाराच्या पोराला वारसा हक्कानं तीच नोकरी मिळते. हे आपण लढून टिकवलंय, सोडवतही नाही, कारण दुसरी नोकरी देतो कोण? शेठचा पोरगा वारशानं दुकान घेतो, आमदाराचा मतदारसंघ, आपला झाडू. मावशीचा मुलगा बी.कॉम. झालाय. परवा मला म्हणाला, "दादा, आईचं बोट गेलं, आता तिच्या जागी मला घेतील का रे?" मला उत्तर देता आलं नाही. अजून देता येत नाही.

म्हणून काय करायचं ते तरी बोलू. ज्यांची आई, मावशी, वहिनी, बाप सफाईत आहे त्या पोरांनी घरातला तो गोळ्यांचा डबा आधी उघडा आणि उरलेल्या गोळ्या कुणालाही देऊ नका, स्वतः खाऊ नका. जखम झाली की साबण आणि भरपूर वाहतं पाणी. हळद भाजीत घाला. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लावा. डॉक्टरनं गोळ्या दिल्या तर जितके दिवस सांगितल्या तितके दिवस, आणि पू आला तर तपासणीला पाठवा म्हणून भांडा. कामाच्या ठिकाणी जाड रबरी मोजे आणि लांब दांड्याचा पत्रा मिळाल्याशिवाय कुत्र्याच्या घाणीला हात लावायचा नाही. पुठ्ठा बंद. मुकादम ओरडला तर ओरडू दे. राहिली घाण तिथं तर दोन दिवस राहू दे, साहेबांनाही समुद्राकडे मान वळवून वळवून मानेत उसण भरू दे.

येत्या सोमवारी अकराला आम्ही पाच-सहा जण मावशीला घेऊन वॉर्ड ऑफिसात जातोय. तो आर-आर-आरवाला कागद, तो फाटका मोजा, आणि कुत्र्याच्या लायसन्सचा एक कोरा अर्ज टेबलावर ठेवणार. ज्यांच्या घरी असे कागद पडून असतील त्यांनी झेरॉक्स काढून आणा. पेशंटचं नाव खोडलं तरी चालेल, औषधांची ओळ खोडू नका.